माजी कॅप्टनची जागा

मार्च २०२५ मध्ये रोहित शर्माने दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकून दिली. अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध ७६ धावा त्याच्याच, सामनावीरही तोच. आणि ऑक्टोबरमध्ये निवड समितीने एकदिवसीय संघाचं कर्णधारपद त्याच्याकडून काढून शुभमन गिलला दिलं. आमच्या यवतमाळकडच्या घाटंजी-पांढरकवडा पट्ट्यात त्या आठवड्यात पानठेल्यावर दुसरा विषय नव्हता. रोहितचा जन्म नागपूरचा, म्हणजे आमच्या हिशेबाने घरचा पोरगा. त्यामुळे लोकांना ते जास्तच लागलं. "आता हा ऑस्ट्रेलियाले जाते कायले? पोराच्या हाताखाली खेळाले?" असं एक जण तावातावाने विचारत होता आणि आजूबाजूचे माना डोलावत होते.

रोहित गेला. बारा वर्षांनी लहान असलेल्या कॅप्टनने सांगितलं तिथे फिल्डिंगला उभा राहिला. ॲडलेडला ७३, सिडनीत नाबाद १२१. भारत ती मालिका १-२ अशी हरला, पण मालिकावीर रोहित ठरला.

पानठेल्यावरच्या त्या प्रश्नाचं उत्तर रोहितने दिलं, तरी तो प्रश्न मला सोडत नाही. कारण तो क्रिकेटपुरता नाही. पद गेल्यावर माणसाने त्याच संघात, दुसऱ्याच्या हाताखाली राहायचं की नाही? माझं म्हणणं सरळ आहे. राहायचं. ज्याला असं राहता येतं, त्यालाच आधी कॅप्टन करावं. भारतीय क्रिकेट ही गोष्ट गेली पन्नास वर्षं करत आलं आहे. आपल्या गावांच्या कारभाराला ती अजून जमलेली नाही, आणि त्याची किंमत आपण रोज मोजतो.

क्रिकेटमधली परंपरा आधी पाहू. १९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी अजित वाडेकर कॅप्टन झाले. वाडेकरांनी वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकल्या. पुढे १९७२-७३ मध्ये इंग्लंडचा संघ इथे आला, तेव्हा तेच पतौडी वाडेकरांच्या हाताखाली कसोटी खेळले. ज्याच्या नावापुढे नवाब लागायचं, तो माणूस. सुनील गावसकर १९८३ चा विश्वचषक कपिल देवच्या नेतृत्वाखाली खेळले, मग कपिल गावसकरांच्या, मग पुन्हा गावसकर कपिलच्या. मध्ये दोघांत कुरबुरी झाल्या, एका कसोटीत कपिलला बाहेरही बसावं लागलं. सगळं गोड गोड होतं असं नाही. तरी संघ फुटला नाही. सचिन तेंडुलकर दोन वेळा कॅप्टन होऊन पायउतार झाला आणि नंतर गांगुली, द्रविड, कुंबळे, धोनी अशा चौघांच्या हाताखाली धावा करत राहिला.

राहुल द्रविडचं मला विशेष वाटतं. २००७ साली इंग्लंडमध्ये मालिका जिंकली आणि त्यानंतर त्याने स्वतःहून पद सोडलं. चार वर्षांनी त्याच इंग्लंडमध्ये धोनीच्या हाताखाली तो गेला, संघाची वाताहत झाली आणि त्या पडझडीत द्रविडने तीन शतकं ठोकली. कॅप्टन तो नव्हता, हरण्याचं खापर त्याच्यावर फुटणार नव्हतं. तरी खेळला असा की जणू सगळा भार त्याच्याच खांद्यावर आहे.

आणि अजिंक्य रहाणे. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला आपण ३६ धावांत गारद झालो, कोहली घरी परतला, आणि बदली कॅप्टन म्हणून रहाणेच्या हाती संघ आला. मेलबर्नला त्याने शतक काढलं, सामना जिंकला. शेवटी १९ जानेवारी २०२१ ला नवख्या गोलंदाजांना घेऊन ब्रिस्बेनचा गड घेतला. त्यानंतर इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा रहाणे मुकाट्याने उपकर्णधाराच्या जागेवर परत गेला. ऑस्ट्रेलियात मालिका जिंकून आलेला माणूस! आमच्याकडे एखाद्या प्रभारी सरपंचाने गावात नळयोजना सुरू करून दाखवली असती, तर पद परत देताना त्याने काय काय केलं असतं, याचा विचार मी अनेकदा करतो.

हे सगळं फार दूरचं वाटत असेल तर आपल्या विदर्भाच्या संघाकडे बघा. १९५७-५८ पासून विदर्भ रणजी खेळत होता, आणि करंडक हाती आला तो १ जानेवारी २०१८ ला, इंदूरमध्ये. कॅप्टन फैज फजल. त्या संघात वसीम जाफर होता. मुंबईचा कॅप्टन म्हणून रणजी जिंकलेला, कसोटीत द्विशतक केलेला माणूस, आणि इथे फैजच्या नेतृत्वाखाली खेळत होता. पुढच्या हंगामात चाळिशी ओलांडलेल्या जाफरने हजारावर धावा केल्या आणि विदर्भाने करंडक राखला. इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात शतक ठोकणारा तरुण यष्टिरक्षक होता अक्षय वाडकर. काही वर्षांनी तो कॅप्टन झाला. आणि फैज फजलने, ज्याने विदर्भाला दोनदा रणजी जिंकून दिली त्याने, आपला शेवटचा सामना फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपुरात त्याच अक्षयच्या नेतृत्वाखाली खेळला. २०२५ च्या मार्चमध्ये नागपूरजवळ जामठ्याला विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला, तेव्हा अक्षय कॅप्टन होता. मुंबई, दिल्लीच्या तुलनेत पैशाने आणि नावाने लहान असलेला आपला संघ आठ हंगामांत तीन वेळा देशात पहिला आला, त्यामागे चांगले प्रशिक्षक आहेत, अकादमी आहे, हर्ष दुबेसारखे गोलंदाज आहेत. पण त्यामागे हेही आहे की इथे जुन्याने नव्याला जागा दिली आणि जुना निघून गेला नाही.

आता गावात या.

आमच्याकडे माजी सरपंच हा एक स्वतंत्र पक्षच असतो. पद गेलं की तो पुढच्या निवडणुकीपर्यंत ग्रामपंचायतीची पायरी चढत नाही. चढलाच तर तक्रारीचा कागद घेऊन चढतो. त्याच्या पॅनलचे सदस्य मासिक सभेला येत नाहीत, ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होते, माहिती अधिकाराचे अर्ज पडतात, पंचायत समितीत चौकशी लागते. काही तक्रारी खऱ्या असतात, त्या व्हायलाच हव्या. पण पाच वर्षं कारभार केलेल्या माणसाजवळ जे ज्ञान असतं, ते तक्रारीच्या कागदात मावत नाही. नळयोजनेचा व्हॉल्व्ह कोणाच्या वावरात गाडला आहे, कोणती पांदण (वावरात जायची वाट) नकाशात आहे आणि जमिनीवर कोणी नांगरून टाकली, कोणता प्रस्ताव कोणत्या टेबलावर किती दिवसांपासून पडून आहे, हे त्यालाच ठाऊक. नव्या सरपंचाला दप्तर मिळतं, ही माहिती मिळत नाही. ती माजी सरपंच स्वतःजवळ दाबून ठेवतो, कारण नवा फसला तरच आपली पुढची संधी. मग दर पाच वर्षांनी गाव कोऱ्या पाटीपासून सुरुवात करतं. तीच पांदण पुन्हा मोजली जाते. तोच बोअर पुन्हा कोरडा निघतो, कारण आधीच्याला तिथे पाणी नाही हे माहीत होतं आणि त्याने सांगितलं नाही.

द्रविडने धोनीला इंग्लंडमधली हवा, चेंडू कधी वळतो, खेळपट्टी कधी सैल पडते हे सांगायचं नाकारलं असतं तर आपण त्याला काय म्हटलं असतं? तेच आपण गावात चालवून घेतो आणि त्याला राजकारण म्हणतो.

याहून मोठी गोष्ट महिला सरपंचांची आहे. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत, सरपंचपदंही. आरक्षण फिरतं. काल ज्या खुर्चीवर भाऊ होते, ती उद्या बाईसाठी राखीव निघते. मग भाऊ आपल्या घरातल्या बाईला उभं करतात आणि कारभार स्वतः करतात. याला आपण किती सहज घेतो! लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून नाव सरपंचबाईंचं, कंसात भाऊंचं, आणि मंडपात हार भाऊंनाच.

ग्रामपंचायतीत वित्त आयोगाचा निधी खर्च करायचा तर ग्रामसेवक आणि सरपंच अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. सरपंचाच्या सहीचं एक डोंगल असतं, पेनड्राइव्हसारखं, बोटाएवढं. एका ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मी बसलो असताना बिलं काढायची वेळ आली. सरपंचबाईंच्या नावाचं डोंगल त्यांच्या नवऱ्याच्या शर्टाच्या खिशातून निघालं, लाल गोफात ओवलेलं. किल्ल्यांच्या जुडग्यातच ते होतं, मोटारसायकलच्या किल्लीशेजारी. त्यानेच ते संगणकाला लावलं, पासवर्ड त्यानेच टाकला. सरपंचबाई तेव्हा वावरात निंदणाला गेल्या होत्या. कोणाला काही वावगं वाटलं नाही. ऑपरेटर पोराने कागद छापून काढला, फाइलला लावला, आणि गावाचे पैसे गावच्या सरपंचाला न विचारता निघाले.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला साठ टक्के पैसा पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा असं बंधन होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे गुंडावर गुंड, म्हणजे हंड्यावर हंडा, ठेवून पाणी कोण आणतं? बाया. टँकर कुठल्या विहिरीत रिकामा करावा, कुठल्या मोहल्ल्यातला हातपंप आधी दुरुस्त करावा, हे त्यांना जितकं कळतं तितकं त्या गोफवाल्या खिशाला कळणार नाही. राखीव जागेचा सगळा अर्थ इथे होता आणि तो इथेच हरवला.

यावर क्रिकेट पाहणारा लगेच एक मुद्दा काढतो, आणि तो खोटा नाही. धोनीने जानेवारी २०१७ मध्ये कर्णधारपद सोडलं. त्यानंतर अडीच वर्षं, २०१९ च्या विश्वचषकापर्यंत, तो विराट कोहलीच्या हाताखाली खेळला. कोहली सीमारेषेवर उभा राही आणि यष्टीमागून धोनी हाताने फिल्डर हलवी, गोलंदाजाला सांगे, रिव्ह्यू घ्यायचा की नाही ते ठरवायला मदत करी. मग तिथे चालतं ते इथे का नाही? अनुभवी नवऱ्याने बायकोला मदत केली तर बिघडलं काय?

बिघडतं ते असं. धोनी अकरांत होता. घामाने भिजत होता, झेल सुटला तर शिव्या त्यालाही पडत होत्या. कोहलीला सल्ला घ्यायचा तर घेई, नाकारायचा तर नाकारे. सामना संपल्यावर माइकसमोर कोहली उभा राही आणि उत्तरं कोहली देई. सरपंचाचा नवरा अकरांत नाही. त्याला कोणी निवडून दिलं नाही, म्हणून त्याला कोणी जाबही विचारू शकत नाही. चौकशी लागली तर नोटीस बाईच्या नावाने येते, अपात्र होते ती बाई, वसुली निघते ती तिच्यावर. निर्णय एकाचा आणि दंड दुसरीला, असा कोणताच खेळ नाही.

आणि दुसरा आक्षेप, जो आमच्याकडे तोंडावर म्हटला जातो: बाईले काय समजते? त्याला माझं उत्तर २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्रीचं आहे.

सोयाबीन घरात आलं होतं, कापसाचा वेचा सुरू होता. नवी मुंबईत पाऊस पडून गेल्याने महिला विश्वचषकाचा अंतिम सामना उशिरा सुरू झाला होता. ओसरीत टीव्ही मांडला होता आणि समोर सतरंजीवर निम्मा मोहल्ला जमला होता, बायाही होत्या, हे एरवी होत नाही. आपल्या २९८ धावा झाल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ड जमून खेळत होती, सोबत सुने लुस होती, आणि आमच्या पोटात गोळा आला होता. तेवढ्यात आपली कॅप्टन हरमनप्रीत कौरने चेंडू शेफाली वर्माच्या हाती दिला. शेफाली फलंदाज. मूळ संघातही नव्हती, प्रतिका रावल जखमी झाली म्हणून उपांत्य सामन्याआधी बोलावलेली. ओसरीतले गडी ओरडले, "हिले काऊन बॉल देल्ला? घालोली मॅच!" शेजारच्या काकू कापूस वेचून आलेल्या, पाय पसरून बसल्या होत्या. त्या टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाल्या, "कॅप्टन थे हाय का तुमी?"

दुसऱ्याच चेंडूवर शेफालीने स्वतःच लुसचा झेल घेतला. पुढच्या षटकात मारिझान कापही गेली. रात्री बारा वाजून गेल्यावर दीप्ती शर्माच्या चेंडूवर शेवटचा झेल हरमनप्रीतनेच धावत जाऊन पकडला. ५२ धावांनी विजय.

याच स्पर्धेत ऑक्टोबरमध्ये आपण लागोपाठ तीन सामने हरलो होतो आणि हरमनप्रीतला काढा अशी ओरड झाली होती. तिच्या कपाळावर तेव्हा किती आठ्या होत्या ते आम्ही पाहिलं आहे. पण चेंडू कोणाला द्यायचा हे तिने ड्रेसिंग रूममधल्या कुणा भाऊला विचारून ठरवलं नाही. तिला वाटलं, तिने दिला. विकेट मिळाल्या नसत्या तर खापरही तिच्याच डोक्यावर फुटलं असतं, आणि ते तिने घेतलं असतं. समज अशीच येते. ज्याला चुकायची मुभा आहे, त्यालाच कारभार कळू लागतो. आमच्या सरपंचबाईला चुकायची मुभाच नाही, कारण तिच्या हातात चेंडूच येत नाही. मग पाच वर्षांनी आपण म्हणतो, पाहा, बाईला काही समजलं नाही.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट घडली. करंडक हाती आल्यावर या मुलींनी तो मिताली राज आणि झुलन गोस्वामी या जुन्या खेळाडूंच्या हाती दिला. मिताली आणि हरमनप्रीत यांचं नातं सरळ नव्हतं. एक वेळ अशी होती की एकदिवसीय संघात मिताली कॅप्टन आणि हरमनप्रीत तिच्या हाताखाली, तर टी-ट्वेंटीत हरमनप्रीत कॅप्टन आणि मिताली तिच्या हाताखाली. २०१८ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात उपांत्य सामन्यातून मितालीला वगळलं गेलं, त्यावरून केवढं वादळ उठलं होतं. त्यानंतरही काही वर्षं दोघी एकदिवसीय सामने एकत्र खेळल्या. मनात काय होतं ते त्यांना माहीत, मैदानात त्या एका बाजूने होत्या. गावात मला एवढंच हवं आहे. मनं जुळावीत असा माझा हट्ट नाही. जुन्या आणि नव्या सरपंचाने एकमेकांच्या घरी चहा घेतला नाही तरी चालेल, पण पांदणीची मोजणी असेल त्या दिवशी दोघेही बांधावर हजर असावेत.

वाडेकरांची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. १९७१ साली जमैकात पहिला दिवस पावसात गेला. पाच दिवसांचा सामना चार दिवसांचा झाला, म्हणजे फॉलोऑनसाठी लागणारी आघाडी दोनशेवरून दीडशेवर आली. आपली आघाडी १७० होती. वाडेकरांना नियम पाठ होता. ते थेट वेस्ट इंडिजचा कॅप्टन गॅरी सोबर्सला सांगायला गेले की तुम्हाला पुन्हा फलंदाजी करावी लागेल. सामना अनिर्णित राहिला, पण समोरच्यांवर या नव्या कॅप्टनचा वचक त्या दिवशी बसला. सरपंचाचं बळही नियम माहीत असण्यातच आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे ज्या सरपंचबाईला माहीत आहे आणि जी ती खरोखर घेते, तिच्या पाठीशी पन्नास बाया उभ्या राहतात. मग खिशातलं डोंगल तिला मागावं लागत नाही, ते परत येतं.

कोणी म्हणेल, गावाला कॅप्टन हवाच कशाला? गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने निर्णय सर्वसहमतीनेच घ्यायचे हे ठरवलं आणि निभावलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली, आणि सामूहिक वनहक्क मिळवून स्वतःच्या बांबूवर हक्क चालवून दाखवणारं गावही तेच. मला त्या गावाबद्दल मनापासून आदर आहे. पण तिथे ग्रामसभेत माणसं येतात, बसतात, तासन् तास बोलतात. आमच्याकडे ग्रामसभेला सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं. जिथे सगळे मिळून निर्णय घेत नाहीत, तिथे कोणीतरी घेणारच. तो ज्याच्या नावाने आहे त्यानेच घ्यावा, एवढं तरी आपण पाळू.

यात आपला, पाहणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. संक्रांतीनंतर आमच्याकडे रिकाम्या वावरात टेनिस बॉलच्या टूर्नामेंट सुरू होतात. ज्याची बॅट त्याची बॅटिंग हे लहानपणी ऐकलेलं, आता ज्याच्या जर्सी त्याचा संघ असं झालं आहे. पोरांच्या पाठीवर भाऊंचा फोटो छापलेला असतो. मैदानाच्या चारी बाजूंना बॅनर, प्रथम बक्षीस या भाऊंकडून, द्वितीय त्या भाऊंकडून. गावच्या आजी सरपंचाचं नाव बॅनरवर शोधावं लागतं, बाई असेल तर सापडतच नाही. पोरं इथूनच शिकतात की पद आणि माणूस एकच, आणि पद गेलं तरी माणूस तोच मालक. रोहितच्या ऑस्ट्रेलियाला जाण्याने चिडणाऱ्यांना मी म्हणूनच दोष देत नाही, त्यांनी गावात दुसरं काही पाहिलेलंच नाही. मंडळांनी ठरवलं तर एवढं सहज बदलता येईल. देणगी कोणाचीही असो, बक्षीस आजी सरपंचाच्या हातून, आणि सरपंच बाई असेल तर तिच्याच हातून.

बाकी काम माजी सरपंचांचं आहे. कुठल्याही तालुक्यात आजी सरपंचांपेक्षा माजी सरपंच जास्तच असणार, आणि त्यांच्यातले बरेच अजून धडधाकट आहेत. पुढच्या निवडणुकीत त्यांनी साध्या सदस्यपदासाठी अर्ज भरावा. निवडून आले नाहीत तर पाणीपुरवठा समिती आहे, शाळा व्यवस्थापन समिती आहे, तंटामुक्ती समिती आहे. तिथे आज नावाला माणसं बसवलेली आहेत. ग्रामसभेत नव्या सरपंचासमोर सतरंजीवर बसून हात वर करावा, आणि व्हॉल्व्ह कोणाच्या वावरात आहे ते सांगावं.